दोन सायलेन्सरवाली

आमच्या घरात गाडी यायच्या कितीतरी आधीपासून गाड्यांचे आवाज होते. उत्रोलीचं आमचं घर रस्त्याला लागूनच. ओटीवर बसलं की भोरकडून येणारं-जाणारं सगळं दिसायचं, आणि आत चुलीपुढं बसलं की सगळं ऐकू यायचं. शेजारी भाताची गिरण. सुगी झाली की तिचा पट्टा दिवसभर फटफटत राहायचा, आणि कोंड्याचा बारीक थर आमच्या माठावर, देवाच्या फोटोंवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर येऊन बसायचा. त्या सगळ्या गोंगाटातनं मी गाड्या ओळखायचे. दादा ओटीवरनं ओरडायचा, "शालन, कोन आलं गं?" आणि मी पिठानं भरलेले हात तसेच धरून आतूनच सांगायचे, "दूधवाला. मागं दोन क्यान हायत, एक रिकामा." दादा उठून बघायचा आणि हसत सुटायचा. रिकामा क्यान वाजतो, भरलेला वाजत नाही, यात कसली हुशारी? पण त्याला ती वाटायची. रघूदादाला माझं कौतुक होतं, हे मी इथं आधीच लिहून ठेवते. पुढं लिहायची इच्छा राहणार नाही.

आबांची खाचरं ओढ्यापासून थेट रस्त्यापर्यंत पायऱ्यांसारखी चढत आलेली. त्यांत आंबेमोहोर व्हायचा. तो शिजायला लागला की रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून बघायचा, पण आमच्या ताटात तो सणावारीच. रोजच्याला कणीचा भात, तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं. पावसाळ्यात खाचरात खेकडे सापडायचे. आई त्यांच्या नांग्या वरवंट्यानं ठेचून रस काढायची आणि त्या रसाचं कालवण करायची. असं कालवण मी पुढं सासरी कितीदा केलं, पण ती चव आली नाही. आबा फार बोलायचे नाहीत. काहीही मागितलं की ते "बगू" म्हणायचे, आणि बगू म्हणजे नाही, हे आम्हा भावंडांना बोलता येऊ लागल्यापासून माहीत होतं. मी भोरला बारावी झाले आणि पुढं शिकते म्हटलं, तेव्हाही त्यांनी "बगू" म्हटलं. आई मात्र स्पष्ट होती. ती म्हणाली, "बास झालं. भाताच्या लावणीला मानसं मिळनात."

दादा गुरांच्या दवाखान्यात हंगामी शिपाई होता. लसीची पेटी घेऊन वेल्ह्याच्या बाजूला डोंगरातल्या वाड्यांवर जायचं, धनगरांची शेळ्यामेंढरं, म्हसरं गोळा करायची, डॉक्टर टोचतील तेव्हा जनावर धरायचं, हे त्याचं काम. डॉक्टरांना सरकारी फटफटी होती, पण ती चालवायचा दादाच. त्याआधी तो दोनेक वर्षं एका ट्रकवर क्लीनर होता आणि त्या ट्रकबरोबर पार दक्षिणेला जाऊन आला होता. रामेश्वरचा पूल त्यानं बघितला होता. जेवताना त्याचा हात मध्येच थांबायचा आणि तो म्हणायचा, "दोनी बाजूला पानी, शालन. आन मदनं गाडी चाललीया. ड्रायव्हर गप, म्या गप." आई म्हणायची, "भात गार व्हतुय."

सुगी उरकून खाचरं मोकळी झाली की दादा कधीकधी ती सरकारी फटफटी घरी आणायचा. त्याच खाचरांत मी गाडी शिकले. भाताची कापलेली धांडं पायाला टोचायची, बांधावरून गाडी उतरवताना हँडल हातात नाचायचं. कॉलेजात घालायचे ते पंजाबी ड्रेस अजून होते, त्यांतला एक मी त्यासाठीच ठेवला. गावातल्या बायका रस्त्यावर थांबून बघायच्या. आबा बांधावर बसून विडी ओढायचे आणि दुसरीकडं बघायचे. त्यांनी मला थांबवलं नाही. याचा अर्थ मी तेव्हा चांगला लावला.

रामेश्वरला गाडीवर जायचं, हे कोण आधी बोललं ते मला आठवत नाही. दादा म्हणतो तो, मी म्हणते मी. पण एकदा बोललं गेल्यावर दुसरं काही बोलायचं राहिलंच नाही. सातारा, कोल्हापूर, बेळगाव... पुढची नावं तो ट्रकच्या आठवणीनं सांगायचा आणि मी ती कुरडया घालता घालता पाठ करायचे. पाळीपाळीनं चालवायचं ठरलं होतं. घाटात तो, सपाटीला मी. ही वाटणी मला मान्य नव्हती, त्यावरून आम्ही भांडायचो. हल्ली रविवारी मढे घाटाकडं पुण्याच्या गाड्यांची रांग जाते. गुडघ्याला ढाली बांधलेली पोरं-पोरी, हेल्मेटवर क्यामेरे, मागं तंबू. पोरी स्वतः चालवत असतात. लोक म्हणतात, बघा काळ कसा बदलला. मला त्यांचं कौतुक वाटायला हवं. नाही वाटत. त्या चहाला थांबतात, पडलेल्या गाडीला हात न लावता मित्राला हाक मारतात, आणि मला वाटतं, तुमच्यापेक्षा मी बरी चालवत होते.

कुठली गाडी घ्यायची, हा प्रश्न आला तेव्हा खरी मजा सुरू झाली. नवी परवडणारी नव्हती, त्यामुळं जुनीच बघायची होती. भोरच्या बाजारात एका मिस्त्रीचं ग्यारेज होतं, तिथं आम्ही जाऊन बसायचो. मिस्त्रीला त्याच्या दारात उभी असलेली जड गाडी विकायची होती. मिलिटरीतनं निघालेली, ढगढग आवाज करणारी. "लांब जायला ही एकच," तो म्हणायचा. "हिच्यावर बसलं की मानूस पोटातलं पानी हलू न देता काशीला जातो." दादा त्या आवाजावर भाळला. मी तिच्यावर बसून बघितलं. पाय जेमतेम टेकत होते. किक मारली तर ती उलटी आली आणि माझ्या नडगीवर अशी बसली की डोळ्यांपुढं अंधारी आली. मिस्त्री हसला. मग मी म्हटलं, हिला आडवी करा. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, करा तर. दोघांनी ती जमिनीवर आडवी केली आणि मी एकटीनं उचलायला गेले. ती हललीसुद्धा नाही. "पडली तर मला एकटीला उचलता आली पायजे," मी दादाला म्हटलं. "तू आजारी पडलास, कुठं निजून राह्यलास, तर म्या काय करू?" मिस्त्री म्हणाला, "बाईमानसानं उचलायची गाडी पायजे असंल तर सायकल घ्या."

दादाचा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या गणपतीत त्याला लडाखला जाण्यासाठी गाडी घ्यायची होती. मोबाईलवर एकेक दाखवत तो दादाला विचारत होता, आणि दादा खुर्चीत मागं रेलून सांगत होता, "बाळा, रस्त्यावर कशी पळती ते बगू नगं. आडवी पाड. पडली तर एकट्याला उचलता आली पायजे. आमी तशीच निवडली हुती." पोरगा बापाकडं कौतुकानं बघत होता. मी तिथंच बसून मोदकाची पारी करत होते. आमी, म्हणाला तो.

दुसरी एक छोटी गाडी होती, नव्या धर्तीची. जणू पेट्रोलच्या वासावर चालायची. ती मला आवडली. तसलीच एका ओळखीच्याची मागून आणली आणि आम्ही दोघांनी, मागं तांदळाचं अर्धं पोतं बांधून, वरंध्याच्या घाटात घातली. पहिल्या मोठ्या चढालाच ती धापा टाकायला लागली. मला उतरून मागनं चालत यावं लागलं. दादा वर वळणावर थांबला आणि ओरडला, "रामेश्वरपातुर तू चालतच येनार का?" आम्ही घाटात दगडावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. त्या वर्षात आम्ही किती हसलो, हे आठवलं की मला आता रागच येतो.

शेवटी गाडी मिळाली ती गुंजवण्याला. दादा तिकडं लसीसाठी गेला होता, तेव्हा त्याला कळलं की धरणात जमीन गेलेला एक शेतकरी गाव सोडून चाललाय आणि गाडी विकतोय. दोन सायलेन्सरवाली. मागं दोन्ही बाजूंनी दोन नळकांडी, लांब सपाट सीट, आणि किकची दांडी तीच पुढं ढकलली की गिअरची दांडी. धूर करायची, पेट्रोलात ऑइल मिसळावं लागायचं, पण चढाला दबायची नाही आणि तिचा पार्ट कुठल्याही गावात मिळायचा. आम्ही दोघं यष्टीनं गेलो. राजगडाच्या पायथ्याला त्याचं घर, अर्धं उतरवलेलं. कौलं खाली रचून ठेवलेली, वासे दोरीनं बांधलेले, आणि भिंती नुसत्या उभ्या. बायको उघड्यावर तीन दगडांच्या चुलीवर चहा करत होती. मी गाडी आडवी केली. दात ओठ खाऊन उचलली, आणि ती उठली. हँडलला धरून मी नुसती उभी राहिले. शेतकऱ्यानं विचारलं, "कुठं न्हेनार हायसा?" मी म्हटलं, "रामेश्वरला." त्यानं हातानं टाकीवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "न्ह्या. आमाला तर कुठं जायचं ते सरकार सांगनार हाय. ही तरी मनानं जाऊ दे." त्याच्या बायकोनं गाडीला हळद-कुंकू लावलं. कुंकवाची कुयरी तिनं सामानाच्या बोचक्यातनं शोधून काढली.

या सगळ्यात आबांनी "बगू" म्हटलं नाही. मी गाडीचं काढलं त्याच दिवशी ते म्हणाले, "घ्या. चांगली बगून घ्या." आणि खोंडांची जोडी विकली. मला आनंद झाला, नवल वाटलं, पण शंका आली नाही. दादाला हवी आहे, दादा कमावता आहे, त्याला कामावर जायला होईल, म्हणून आबा तयार झाले असं मी धरून चालले. गाडी घरी आल्यावर आबा तिच्याभोवती एकदा फिरले, सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "शालननं निवडली नव्हं? मंग चांगलीच आसंल." माझ्या आयुष्यात आबांनी मला दिलेली तेवढीच एक शाबासकी.

दिवाळीनंतर निघायचं ठरलं. मग मला वाटलं, क्लचच्या प्लेटा बदलून घेऊ. त्या बदलल्या. मग पुढचं टायर. मग दादाची रजा मंजूर होईना. मग भात झोडायचं होतं. भात झोडून झालं, आणि एका रविवारी सकाळी आईनं मला आंबेमोहोराचा भात लावायला सांगितला. सण नव्हता. मी विचारलं, कोण येणार आहे? आई म्हणाली, "भोंगवलीची मानसं. डोक्याला तेल लाव."

मुलगा शिरवळला कारखान्यात होता. तो, त्याचे चुलते आणि आणखी दोघं जण ओटीवर बसले. मी पोह्यांच्या बशा नेऊन ठेवल्या, खाली बघून नाव-शिक्षण सांगितलं, आत आले. पसंती तेवढ्यातच झाली. पुढची बोलणी मी स्वयंपाकघराच्या दारामागून ऐकली. आई चुलीपुढं होती, मी भिंतीला टेकून. चुलते गोड बोलणारे होते. ते म्हणाले, "आमची मागनी काय न्हाई बगा पाहुनं. पोरगी आन नारळ. निस्तं पोराला शिरवळला जाया-यायला कायतरी झालं आसतं, तर बरं. यष्टीचा काय भरवसा न्हाई." कुणीतरी बशीत चहा ओतून फुरका मारला. मला वाटलं, आता आबा बगू म्हणतील. बोलला तो दादा.

"गाडी हाय की," दादा म्हणाला. "दारातच हुबी हाय. येतानी बगितलीच आसंल तुमी. दोन सायलेन्सरवाली. लांब जायला एक नंबर. आमच्या शालननंच निवडलीया."

"पोरीनं निवडली?" चुलते म्हणाले. "म्हंजी नवऱ्याच्या आदी गाडी पसंत केली म्हना की!"

ओटीवर सगळे हसले. त्या हसण्यात मला दादाचा आवाज ऐकू आला. तो मोठ्यानं हसला नाही, पण हसला. मुलानं, म्हणजे पुढं जे माझे मालक झाले त्यांनी, विचारलं, "ॲव्हरेज काय देती?" दादानं ॲव्हरेज सांगितलं.

मी आईकडं बघितलं. ती भाताचं झाकण काढून दाणा चेपून बघत होती. "आई," मी म्हटलं, "ती आमची गाडी हाय." आईनं झाकण ठेवलं. "तुजा बाप खोंडं कशापायी इकंल? रामेश्वरला जायला?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "पोरीला द्यायचीच हाय, तर तिच्या मनासारकी घिऊ दे, म्हनलं त्येंनी. कोन करतं एवडं? जा, भात वाडाय घे." तिच्या आवाजात खोट नव्हती. तिला खरोखर वाटत होतं की माझ्यावर मोठा उपकार झालाय, आणि मी तो ओळखत नाही.

दादा मला दोन दिवस चुकवत राहिला. मग दुपारचा गोठ्यामागं गवताची पेंढी बांधताना सापडला. मी विचारलं, "तुला ठाव हुतं?"

त्यानं पेंढीला गाठ मारली. "व्हय."

"कवापसनं?"

"आबांनी खोंडं इकली तवापसनं."

"आन तरी तू माज्यासंगं घाट चढत हुतास? माज्यासंगं टायरं बगत हुतास?"

"म्या म्हनलं, तवर आपुन जाऊन यिऊ," तो म्हणाला. "खरंच म्हनलं, शालन. दिवाळीत निगालो आसतो तर जाऊन आलो आसतो. तूच म्हनलीस प्लेटा बदलू, टायर बदलू. तुजंच संपत न्हवतं." आणि मग, माझ्याकडं न बघता, "म्या काय करनार? बैठक मोडली आसती. तुला पुना कोन बगनार? गावभर झालंया, उत्रोलीची पोरगी फटफटी उडवती म्हनून."

म्हणजे त्यानं शिकवलं, आणि तेच आता माझ्यात काढायची खोट झाली. दादानं पेंढी खांद्यावर घेतली आणि गेला. आजही कधी विषय निघाला तर तो हसत हसत सगळ्यांना सांगतो की आम्ही रामेश्वरला जाणारच होतो, पण आमच्या शालनला टायर पसंत होईना. लोक हसतात. मी चहा ठेवायला उठते.

दुसऱ्या दिवशी आबा खाचरात होते, आई धुणं घेऊन ओढ्याला गेली होती, आणि दादा लसीची पेटी घेऊन यष्टीनं गेला होता. मी तो पंजाबी ड्रेस घातला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि गाडी बाहेर काढली. कुठं जायचं हे ठरवलं नव्हतं. कापूरहोळला हमरस्ता लागला. डावीकडं पुणं, उजवीकडं सातारा. म्हणजे रामेश्वरही उजवीकडंच. मी डावीकडं वळले. का वळले? उजवीकडं वळले असते तर भोंगवलीचा फाटा लागला असता, आणि त्या रस्त्यानं मला जायचं नव्हतं. चेलाडीवरून नसरापूर, मार्गासनी, वेल्हं. वाटेत लोक थांबून बघत होते. तोरणा डाव्या-उजव्या हाताला जागा बदलत राहिला. वेल्ह्याच्या पुढं रस्ता कच्चा होता, दगडधोंड्यांचा, आणि एका उतारावर मागचं चाक घसरून गाडी आडवी झाली. मीही पडले. कोपर सोललं. मी उठले आणि गाडी उचलली. ती उठली. मला तेव्हा रडू आलं, त्याआधी आलं नव्हतं.

केळदच्या पुढं गाडीची वाट संपली. पुढं कडा, आणि खाली कोकण, धुरकट, लांबपर्यंत. तिथंच एका वाडीवर एक धनगरीण रेडकाला पाणी पाजत होती. तिनं मला बघितलं, गाडी बघितली, आणि माझ्या मागं बघितलं.

"मानूस कुठं हाय तुजा?" तिनं विचारलं.

"न्हाई. एकटीच आलीया."

"आन एकटीच जानार माघारी?"

"व्हय."

तिनं आत जाऊन लोट्यातनं ताक आणलं, माझ्या कोपराला चुलीतली राख लावली. ताक आंबट होतं, वर लोण्याचे बारीक कण. ती म्हणाली, "म्या वेल्ह्याच्या पल्याड कदी गेले न्हाई. यष्टीत मळमळतं मला." मग हात पुसत म्हणाली, "गाडीवर मळमळत आसंल का गं?" मी म्हटलं, न्हाई. बसा, दाखवते. ती इतकी लाजली की तिनं तोंडाला पदर लावला. पण बसली नाही. म्हसरं होती, पोरं होती, दादला वरच्या अंगाला गवत कापत होता. मी तिला दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा ती जरा चिडूनच म्हणाली, "जा बाय तू आता. तुज्या घरची वाट बगत असतील."

मी परत का आले, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. भूक लागली होती हे खरं. जवळ काही नव्हतं हेही खरं. पण त्या कड्यावर उभं असताना मला वाटलं होतं की घरी गेल्यावर मोठा आरडाओरडा होईल, आबा हात उचलतील, मी बोलेन, आणि त्या बोलण्यातनं काहीतरी निघेल. तसं काहीच झालं नाही. ऊन कलायच्या आत मी घरी पोचले. आबा ओटीवर विडी ओढत होते. त्यांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्या कोपराकडं. "लागलं का?" ते म्हणाले. आई म्हणाली, "जेव." शेजारणीनं विचारलं तेव्हा आईनं सांगितलं, शालनला दादा दवाखान्यात घेऊन गेला होता, कोपराला लागलं म्हणून. संध्याकाळपर्यंत गावात तेच खरं झालं होतं. किल्ली मात्र खुंटीवर राहिली नाही. आईनं ती देवघरातल्या डब्यात ठेवली.

मालकांबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी कधी हात उगारला नाही. आमच्याकडं हे गुणात धरतात. गाडी त्यांनी शिरवळला नेली-आणली, तिच्यावर खताची पोती वाहिली, ऑइल कमी घालून तिचं इंजिन जाम केलं आणि थोरल्या मुलीला पाय फुटायच्या आत मोडीत दिली. मला ती त्यांनी एकदाही चालवू दिली नाही. "लोकं काय म्हनत्याल," ते म्हणायचे, आणि मग जरा थांबून, "आन तुला जमायचं बी न्हाई." मी पुढं अंगणवाडीत लागले, मुली शिकल्या, सगळं रीतीप्रमाणं झालं. रामेश्वर मी बघितलेलं नाही. कुणी विचारलं तर तब्येतीचं कारण सांगते.

लग्न उत्रोलीतच लागलं. दारात गाडीला झेंडूचे हार घातले होते, हँडलला नारळ बांधला होता. वऱ्हाडी तिच्याभोवती गोळा झाले होते, आणि चुलते सगळ्यांना सांगत होते की पोरीनं स्वतः पसंत केलेली आहे. लग्नाला आलेली पोरं दिवसभर तिच्यावर चकरा मारत होती. पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाचा टेम्पो पुढं गेला, आणि नवरा-नवरीनं गाडीवर यायचं असं ठरलं. दादानं मालकांना किकची दांडी पुढं ढकलून गिअर कसा टाकायचा ते दाखवलं. मग माझ्याकडं आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रडायला लागला. सगळ्या बायका म्हणाल्या, भावाचा केवढा जीव. मी त्याच्या हाताखालून डोकं काढून घेतलं. मी रडले नाही, म्हणून भोंगवलीत पुढं कितीतरी दिवस माझी चर्चा झाली.

किकवीच्या अलीकडं गाडी गचके खायला लागली आणि बंद पडली. ऊन होतं. मालक उतरले, मी उतरले. त्यांनी किक मारली, पुन्हा मारली. सफारीच्या पाठीवर घामाचा डाग पसरत गेला, मुंडावळी सुटून कानावर लोंबायला लागली. एक यष्टी गेली; खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. दिवसभराच्या चकरांत पेट्रोल उतरलं होतं, बाकी काही नव्हतं.

"पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. लग्न लागल्यापासून मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलंच वाक्य.

"तुला कुनी इचारलं?" ते म्हणाले, आणि परत किक मारायला लागले. बऱ्याच वेळानं दम खात थांबले, घाम पुसला आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "तू तितं झाडाखाली जाऊन हुबी ऱ्हा. उन लागंल."

मी झाडाखाली गेले. त्यांनी माझी पाठ आहे असं बघितलं आणि वाकून टाकीखाली हात घातला. मी मान वळवून बघत होते, हे त्यांना कळलं नाही. पुढच्या किकला गाडी सुरू झाली. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर आला. मालकांनी हसऱ्या तोंडानं मला हाक मारली.

"बग," ते म्हणाले. "झाली का न्हाई चालू?"

"झाली," मी म्हटलं, आणि पदर सावरून मागं एका अंगावर बसले.